घटमालेची नाडीपरीक्षा

विजेचा दिवा क्षणभर मालवतो आणि पुन्हा लागतो, एवढेंच घरांतील माणसांना दिसतें. परंतु तेवढ्या अवधींत टेलिफोनच्या केंद्रांत, इस्पितळाच्या शस्त्रक्रियागृहांत किंवा वीजघराच्या नियंत्रणकक्षांत कोणीतरी मुकाट्यानें सारा भार आपल्या खांद्यावर घेतलेला असतो. हा मुका सेवक म्हणजे विद्युत्-घटांची माळ. व्यवहारांत तिला बॅटरी म्हणतात. वर्षानुवर्षें ती एका बंद खोलींत उभी असते. तिचें खरें काम वर्षांतून एखादे वेळीं, पांचदहा मिनिटांपुरतें पडतें, आणि नेमकी त्या वेळीं ती उणी पडली, तर तिच्यावर केलेला सारा खर्च पाण्यांत जातो. कधीं कधीं माणसाचे प्राणही जातात. म्हणून विजेच्या यंत्रज्ञांपुढें एक प्रश्न पिढ्यान् पिढ्या उभा राहिला आहे : स्वस्थ दिसणाऱ्या माळेंत आजारी घट कोणता, हें वेळ येण्यापूर्वीं कसें ओळखावें? या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं जीं उत्तरें मिळालीं, त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

घटमाला म्हटलें कीं रहाटगाडग्याचें चित्र डोळ्यांपुढें येतें. रहाटाच्या माळेंतील एखादें गाडगें फुटकें निघालें, तर त्याच्यांतलें पाणी वाटेंतच सांडतें, पण बाकीचीं गाडगीं आपापलें पाणी पाटांत ओततातच. नुकसान होतें तें एका गाडग्याचें. विजेच्या घटमालेची रीत याहून निराळी आहे. तेथें घट एकापुढें एक असे जोडलेले असतात आणि जो प्रवाह पहिल्या घटांतून जातो तोच शेवटच्या घटांतूनही जावा लागतो. एखादा दुबळा घट इतरांच्या आधीं रिकामा झाला, तरी बाकीचे घट त्याच्यांतून प्रवाह ढकलीतच राहतात. मग त्याचीं अग्रें उलटतात, आणि जो घट शक्ति द्यावयाचा तोच ती खाऊं लागतो. उलटपक्षीं, माळ भारित करतांना सशक्त घट आधीं भरतात व उतूं जातात, तर अशक्त घट अर्धपोटीच राहतो. अशा रीतीनें प्रत्येक फेऱ्यांत दुबळा अधिक दुबळा होत जातो.

यांतही विशेष हा कीं, हें सर्व बाहेरून दिसत नाहीं. शिशाचे पंचावन्न घट जोडून ११० व्होल्टांची माळ केली, असें समजावें. त्यांतील एका घटाचा दाब २ व्होल्टांवरून १.८ वर उतरला, तर त्या घटाच्या दृष्टीनें ती मरणाची खूण आहे. परंतु फळ्यावरच्या मोठ्या मापकाचा कांटा ११० वरून १०९.८ वर येतो. एवढा फरक डोळ्यांना जाणवतही नाहीं. बेरीज सुखरूप दिसते म्हणून घटक सुखरूप आहेत असें होत नाहीं, हा या विषयांतला पहिला धडा होय.

आरंभींच्या काळीं या धड्याची गरज फारशी भासली नाहीं. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टानें आपल्या शोधाचें वृत्त २० मार्च १८०० रोजीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्रानें कळविलें. त्यांत धातूंच्या चकत्यांच्या चळतीबरोबरच खाऱ्या पाण्यानें भरलेल्या पेल्यांची एक माळही वर्णिलेली होती. पुढें दहा वर्षांच्या आंतबाहेर लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हंफ्री डेव्हीसाठीं दोन हजार जोडपत्र्यांची प्रचंड माळ उभारण्यांत आली. चिनी मातीचीं दोनशें पात्रें आणि प्रत्येकांत दहा जोडपत्रे, अशी तिची मांडणी होती. पण हे घट प्रयोगापुरते जगत. त्यांची शक्ति मिनिटागणिक ओसरे, आणि प्रयोग संपला कीं पत्रे धुऊन ठेवीत. जी वस्तु मुळींच टिकावयाची नाहीं, तिची प्रकृति रोज कोण तपासणार?

ही स्थिति तारायंत्रानें पालटली. १८३६ सालीं जॉन फ्रेडरिक डॅनिएल यानें तांबें व जस्त यांचा असा घट तयार केला, कीं तो दिवसेंदिवस जवळजवळ एकसारखा प्रवाह देई. हा घट व त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या दूरदूरच्या तारकचेऱ्यांत पोंचल्या. १८५४ मध्यें मुंबई, आग्रा, कलकत्ता व मद्रास हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं, आणि या देशांतही घटांची निगा राखणें हें नोकरीचें काम झालें. त्या निगेचें साधन म्हणजे केवळ डोळा. अमेरिकेंतील तारकचेऱ्यांत कांचेच्या भांड्यांत खालीं मोरचुताचें निळें पाणी व वर जस्ताचें निर्मळ पाणी, असा घट वापरीत. दोन पाण्यांमधली निळी रेषा मध्यावर असली कीं घट ठीक. ती फार वर चढली किंवा फार खालीं बसली, कीं कांहीं तरी बिघडलें. म्हणजे प्रत्येक घट आपली प्रकृति आपणच उघड करून दाखवीत होता. पाहणाऱ्यानें फक्त रांगेवरून नजर फिरवावयाची.

हें सुख शिशाच्या घटाबरोबर संपलें. फ्रान्सच्या गॅस्टन प्लान्ते यानें १८५९ मध्यें शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लांत ठेवून पुन्हां पुन्हां भारित करतां येणारा संचायक घट सिद्ध केला. १८८१ सालीं कामिय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देण्याची युक्ति काढली, तेव्हां त्याची साठवणशक्ति व्यवहाराला पुरेशी झाली. त्याच वर्षीं फोरच्या घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्याकडे भारित अवस्थेंत पाठविण्यांत आली. तिच्यांत दहा लक्ष फूट-पौंड इतकी ऊर्जा होती. लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत या विजेच्या पेटीची मोठी चर्चा झाली. विजेच्या बिलावर आज ज्याला युनिट म्हणतात, त्या मापानें ती ऊर्जा सुमारें ०.३८ युनिट भरते. परंतु पेटींत बंद करून वीज एका देशांतून दुसऱ्या देशांत नेतां येते, ही कल्पनाच त्या वेळच्या लोकांना चकित करणारी होती.

मात्र ही पेटी भरलेली आहे कीं रिकामी, हें तिच्याकडे पाहून कळत नसे. पत्रे करडे व तपकिरी, आम्ल पाण्यासारखें रंगहीन. प्लान्तेच्या घटाला ना निळी रेषा, ना दुसरी कांहीं खूण. या अडचणींतून वाट काढली ती रसायनशास्त्रानें. १८८२ मध्यें जॉन हॉल ग्लॅडस्टन व आल्फ्रेड ट्राइब या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें, कीं घट रिकामा होतांना त्याच्या दोन्ही पत्र्यांवर शिशाचें सल्फेट बनतें व त्यासाठीं लागणारें गंधकाम्ल भोंवतालच्या द्रवांतूनच घेतलें जातें. याचा अर्थ असा, कीं वीज जसजशी खर्च होते तसतसा द्रव पातळ होत जातो, आणि घट भरूं लागला कीं तो पुन्हां घट्ट होतो. दुधांत पाणी किती हें पाहण्यासाठीं जें तरतें मापक वापरतात, त्याचाच भाऊबंद आतां घटांत सोडतां येऊं लागला. स्थिर जागीं ठेवलेल्या भरलेल्या घटांत द्रवाची विशिष्ट घनता साधारण १.२१ असते, आणि घट रिकामा होईतों ती बरीच खालीं येते. उष्ण प्रदेशांत तीव्र आम्लानें पत्रे लवकर झिजतात, म्हणून तेथें द्रव थोडा सौम्यच ठेवतात.

या साधनानें घटाला पुन्हां वाचा दिली. तथापि ती वाचा समजून घेण्यास शहाणपण लागे. उन्हाळ्यांत द्रव प्रसरण पावतो व घनता कमी दिसते, म्हणून तापमान मोजून दुरुस्ती करावी लागे. जड आम्ल तळाशीं बसतें व हलकें पाणी वर राहतें, म्हणून नुकतेंच पाणी घातलेल्या घटाचें मोजमाप खोटें ठरे. त्याशिवाय एकाच घटांत धन पत्रे बरे व ऋण पत्रे थकलेले, असेंही घडे. तें शोधण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅडमियमची एक काडी द्रवांत बुडवून, तिच्याशीं तुलना करून प्रत्येक जातीच्या पत्र्यांचा दाब वेगळा मोजण्याची पद्धति रूढ झाली.

तोंपर्यंत घटमालांचा आकारही वाढला होता. एकदिश प्रवाहाच्या वीजघरांत मध्यरात्रीं यंत्रें थांबवून दिवे घटमालेवर चालविण्यांत येत. टेलिफोनच्या बाबतींत तर मोठेंच स्थित्यंतर झालें. १८८२ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोनचीं केंद्रें उघडलीं, त्या काळीं टेलिफोनचे बोलण्याचे घट ज्याच्या त्याच्या घरीं, यंत्रापाशींच ठेवलेले असत. एक घट बिघडला तर एक घर मुकें होई. पुढें हे विखुरलेले घट निघून गेले आणि त्यांच्या जागीं केंद्रांतच एक सामाईक घटमाला आली. सोय फार झाली, पण आतां एका घटावर हजारों घरांचें बोलणें अवलंबून राहिलें. सत्ता जशी एकवटते, तशी तिच्यावरची देखरेखही कडक व्हावी लागते.

ही देखरेख मनुष्यबळानें होत असे. घटांच्या खोलींत आम्लाचा उग्र दर्प भरलेला असे. कांचेच्या किंवा शिशानें मढविलेल्या लाकडी टाक्यांच्या रांगांमधून सेवक हातांत तरतें मापक व दोन टोकांचें लहान व्होल्टमापक घेऊन फिरे आणि प्रत्येक घटाचे आंकडे वहींत उतरवी. शंभर घट रोज तपासणें अशक्यप्राय होई, म्हणून एक तोड काढण्यांत आली. माळेंतील एक घट नमुन्याचा म्हणून निवडावयाचा, त्याची तपासणी वरचेवर करावयाची, आणि सबंध माळेची मात्र ठराविक मुदतींनीं. शितावरून भाताची परीक्षा ती हीच. परंतु भाताचीं सारीं शितें एकाच पाण्यांत, एकाच आंचेवर शिजलेलीं असतात. घटांचें तसें नसतें. कोणी खिडकीपाशीं, कोणी भिंतीच्या ऊबेंत. कोणाची जोडणी घट्ट, कोणाची सैल. त्यामुळें नमुन्याचा घट धडधाकट असतांना त्याच्यापासून चार हातांवर दुसरा घट मरणपंथास लागलेला असूं शकतो. दूरदर्शी यंत्रज्ञ नमुन्यासाठीं जाणूनबुजून कमजोर घट निवडीत किंवा नमुना पाळीपाळीनें बदलीत, त्याचें कारण हेंच.

शिशाच्या घटाच्या अंगीं एक मोठा गुण होता, तो येथें सांगणें अवश्य आहे. त्याला थोडें अधिक भारित केलें, तर तो फक्त बुडबुडे सोडतो. पाण्याचें विघटन होतें आणि वायु निघून जातो. म्हणून माळेंतील घट पुढेंमागें झाले, तर सर्वांना कांहीं तास जास्तीचा भार देत. भरलेले घट बुडबुडे सोडीत वाट पाहात आणि मागें राहिलेले त्यांना येऊन गांठीत. मग वर शुद्ध पाणी घातलें कीं झालें. निरीक्षणांत थोडी हयगय झाली, तरी हा घट ती पोटांत घाली. त्याच्या या क्षमाशील स्वभावामुळेंच हातांतल्या मापकावर व वहीवर इतकीं वर्षें काम निभलें.

परंतु सगळे घट असे नव्हते. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनेर यानें १८९९ मध्यें निकेल-कॅडमियमचा घट शोधला आणि त्याच सुमारास अमेरिकेंत एडिसन निकेल-लोखंडाच्या घटाच्या मागें लागला. हे घट चिवट खरे, पण त्यांच्यांतील क्षारीय द्रव रासायनिक क्रियेंत खर्चच होत नाहीं. घट भरलेला असो वा रिकामा, द्रवाची घनता जवळजवळ तीच. म्हणजे ज्या तरत्या मापकावर यंत्रज्ञांचा हात बसला होता, तें या घटांपुढें आंधळें ठरलें. त्याची जागा जमाखर्चानें घेतली. किती अँपिअर-तास आंत गेले व किती बाहेर आले, हें मोजणारें मापक मंडळांत बसवूं लागले. हा हिशेब उपयुक्त होता, पण प्रत्येक जमाखर्चाप्रमाणें त्यांत रोजची लहान चूक सांचत जाऊन मोठी होई. शिवाय हिशेब सबंध माळेचा. माळेंतील दुबळ्या घटाचें नांव त्यांत कोठेंच येत नसे.

या उणिवेचें गांभीर्य पाणबुडींत सर्वांत अधिक जाणवतें. पाण्याखालीं असतांना पाणबुडीचा सारा श्वासोच्छ्वासच घटमालेवर चालतो आणि घटांतून निघणाऱ्या वायूला बाहेर जाण्यास वाट नसते. १५ जानेवारी १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या नौदलाच्या गोदींत 'ई-२' या अमेरिकन पाणबुडीवर एडिसनच्या घटांची परीक्षा चालूं असतां हायड्रोजनचा भयंकर स्फोट होऊन प्राणहानि झाली. समुद्राच्या पाण्याशीं शिशाच्या घटांतील आम्लाचा संबंध येऊन विषारी क्लोरिन वायु होतो, तें संकट टाळण्यासाठीं हे नवे घट आणले होते. एक संकट टाळतांना दुसरें उभें राहिलें. बंदिस्त जागेंत प्रत्येक घट हा वायूचा संभाव्य उगम आहे, हें त्या घटनेनें शिकविलें. अधिक भारित झालेला किंवा उलटलेला एखादा घट हायड्रोजन सोडूं लागला, तर माळेच्या एकूण दाबावरून तो सांपडत नाहीं. त्याला त्याच्यापाशीं जाऊनच विचारावें लागतें.

जमिनीवरील घटमालांपुढें प्रश्न निराळा होता. जसजसा वीजपुरवठा नियमित झाला, तसतशी घटमाला राबणारी न राहतां पहारेकरी झाली. तिला सदैव थोड्या दाबाखालीं भरलेली ठेवीत. टेलिफोनच्या ४८ व्होल्टांच्या माळेंत शिशाचे २४ घट असतात, ते याच रीतीनें वर्षानुवर्षें तुडुंब उभे असतात. या सुखवस्तूपणांत निराळेच रोग जडतात. धन पत्र्यांची जाळी आंतून कुजते, जोडण्यांवर गंज चढतो, आणि दाब मात्र यथास्थित दिसतो. पहारेकरी जागा आहे कीं बसल्या जागीं झोपला आहे, हें त्याच्या पगडीवरून कळत नाहीं. म्हणून माळेवर मुद्दाम पूर्ण भार टाकून ती किती वेळ टिकते हें पाहण्याची परीक्षा आवश्यक ठरली. नमूद क्षमतेच्या शेंकडा ८० च्या खालीं आलेली माळ बदलावी, हा संकेतही रूढ झाला.

पहारेकऱ्याची किंमत काय असते, हें ११ मार्च २०११ रोजीं जपानमधील फुकुशिमा येथें जगाला दिसलें. भूकंपानंतरच्या समुद्राच्या लाटेनें अणुवीजकेंद्राच्या खालच्या मजल्यांत पाणी शिरलें आणि यंत्रांबरोबर घटमालाही बुडाल्या. नियंत्रणकक्षांतील मापकें अंधारलीं. अणुभट्टींतलें पाणी किती खालीं गेलें हें कळण्यासाठीं कामगारांनीं आवारांतल्या मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या व तारांनीं त्या मापकांना जोडल्या. येथें दोष घटांचा नव्हता. परंतु राहतां राहिलेल्या कांहीं व्होल्टांवर केवढें ओझें येऊन पडतें, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

इकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिशाच्या घटाचें रूपच बदललें. आम्ल चिकट रसांत किंवा कांचतंतूंच्या गादींत शोषून घेऊन घट मोहोरबंद करण्यांत आला. पाणी घालणें नको, आम्ल सांडण्याचें भय नको. कचेरीच्या कपाटांतही तो ठेवतां येऊं लागला. मात्र झांकण बंद झालें आणि त्याबरोबर तरत्या मापकाचा रस्ताही बंद झाला. आंतला ओलावा सुकत चालला तरी बाहेर चिन्ह नाहीं, आणि जोडणी आंतल्या आंत तुटली तर एका घटापायीं सबंध माळ निकामी. अशा बंद घटाची परीक्षा करण्यासाठीं वैद्याप्रमाणें बाहेरूनच नाडी पाहण्याचा उपाय निघाला. घटांतून अत्यल्प उलटसुलट प्रवाह सोडावयाचा आणि त्याचा अंतर्गत रोध किंवा त्याच्या उलट असलेली वाहकता मोजावयाची. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाचे कीथ चॅम्प्लिन यांना अशा मापनपद्धतीचें पेटंट १९७५ सालीं मिळालें. मोठ्या घटाचा रोध ओहमच्या सहस्रांशाहूनही कमी असतो, म्हणून हें मापन नाजूक आहे. त्याचा अर्थ लावण्याची रीतही नाडीपरीक्षेसारखीच. एका दिवसाच्या आंकड्याला फारसा अर्थ नाहीं. घट नवा असतांनाचा त्याचाच आंकडा जवळ असेल आणि त्यापासून तो किती दूर चालला आहे हें दिसत असेल, तरच तें ज्ञान कामाचें.

१९९१ मध्यें लिथियम-आयनांचा घट बाजारांत आला आणि निरीक्षणाच्या इतिहासाला शेवटचें मोठें वळण मिळालें. हा घट हलका व बलवान, पण शिशाच्या घटाची क्षमाशीलता त्याच्याजवळ मुळींच नाहीं. जास्तीचा भार तो बुडबुड्यांत उधळूं शकत नाहीं. तो तापतो, त्याची घडण बिघडते, आणि प्रसंगीं आग लागते. सर्वांना मिळून जास्तीचें भारण देण्याची जुनी युक्ति येथें घातक ठरते. म्हणून प्रत्येक घटाचा दाब स्वतंत्रपणें पाहणारें, पुढें गेलेल्या घटाचा जादा भार वळवून सर्वांना समान करणारें, आणि मर्यादा ओलांडली कीं सबंध माळच तोडणारें विद्युत्-मंडळ तिच्याबरोबर अपरिहार्यपणें आलें. देखरेख करणारा पूर्वीं वहींत लिही. आतां त्याच्या हातांत चावी आली.

तरी एवढ्यानें प्रश्न मिटला नाहीं. ७ जानेवारी २०१३ रोजीं बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ विमानांतील घटमालेंत आग लागली. पुढें ९ दिवसांनीं ऑल निप्पॉन एअरवेजचें त्याच जातीचें विमान धुरामुळें जपानमधील ताकामात्सु येथें तातडीनें उतरवावें लागलें, आणि या जातीचीं विमानें कांहीं महिने जमिनीवरच राहिलीं. माळेंत घट अवघे आठ. त्यांवर देखरेखीचें मंडळही होतें. बोस्टनच्या घटनेच्या चौकशींत असें निष्पन्न झालें, कीं एका घटांत आंतल्या आंत मंडळ जुळून तो अनावर तापला व त्याची आंच शेजारच्या घटांना लागत गेली. प्रत्येक घटाचें तापमान व दाब अधिक अचूकपणें मोजले जावेत, अशी चौकशी-मंडळानें शिफारस केली. पहारा होता. पण जेथें आग धुमसत होती, तेथें पहारेकऱ्याचा हात पोंचत नव्हता.

या दोनशें वर्षांच्या अनुभवांतून निरीक्षणाची व्यवस्था निवडण्याचें सूत्र आपोआप हातीं येतें. मापक किती महाग किंवा त्याच्यावर आंकडे किती, हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न हा, कीं हा घट आपली प्रकृति कोणत्या भाषेंत सांगतो? उघडा शिशाचा घट घनतेच्या भाषेंत बोलतो, बंद शिशाचा घट रोधाच्या व तापमानाच्या भाषेंत, आणि लिथियमचा घट स्वतःच्या दाबाच्या व उष्णतेच्या भाषेंत. त्यांतही लोह-फॉस्फेटाच्या जातीचा लिथियम घट भरण्याच्या बहुतेक टप्प्यांत ३.२ ते ३.३ व्होल्टांच्या आसपासच रेंगाळतो. दाबावरून त्याचें पोट किती भरलें हें कळत नाहीं. तेथें एडिसनच्या काळचा अँपिअर-तासांचा जमाखर्चच पुन्हां उपयोगी पडतो, आणि माळ अधूनमधून पूर्ण भरून त्या जमाखर्चांतली चूक काढून टाकावी लागते.

दुसरा प्रश्न वेळेचा. शिशाचा घट महिन्यामहिन्यांनीं ढासळतो. त्याला माणसाची नियमित फेरी पुरते. लिथियमच्या घटाचा बिघाड एकदां पेटला कीं मिनिटांचा हिशेब असतो. तेथें माणसाची वाट न पाहतां स्वतः तोडणारी व्यवस्थाच हवी. तिसरा प्रश्न खुद्द देखरेखीच्या निर्दोषपणाचा. प्रत्येक घटाकडे नेलेली बारीक तार म्हणजे एक नवा धोकाच. तिच्या मुळाशीं वितळतार नसेल, तर तार घसटून सुरक्षिततेचें साधनच आगीचें कारण होतें. तसेंच, मापकाला लागणारी वीज माळेंतल्या निवडक घटांकडूनच घेतली, तर तेच घट इतरांच्या मागें पडतात. रोग शोधणारा वैद्यच रोग लावून जातो.

शहरांतील घरोघरीं आज जी लहान घटमाला इन्व्हर्टरखालीं बसलेली असते, तिलाही हेंच सूत्र लागू आहे. बारा व्होल्टांच्या शिशाच्या बॅटरींत सहा घट असतात. भोंकांवरचीं बुचें काढतां येत असतील, तर तरतें मापक घालून सहाही घटांची घनता पाहणें हीच स्वस्तांतली खरी परीक्षा. सहांपैकीं एकाचा आंकडा इतरांपासून फुटून निघाला, तर तो घट आजारी. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केले असतील, तर एकूण दाब न मोजतां दोहोंचा वेगवेगळा मोजावा. दोन भाग सारखे नसले, तर बेरीज बरोबर असूनही माळ बिघडलेली आहे. लिथियमची बॅटरी घेतांना मात्र तिच्या पोटांतील मंडळ प्रत्येक घटाचा दाब पाहतें कीं नाहीं, उष्णता कोठें मोजतें आणि वेळ पडल्यास माळ स्वतः तोडतें कीं नाहीं, हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

सरतेशेवटीं एक गोष्ट कोणत्याही मापकाला सांगतां येत नाहीं. माळ खरोखर किती वेळ भार वाहील, हें तिच्यावर खरा भार टाकल्यावरच कळतें. म्हणून वर्षांतून एकदां तरी, हाताशीं दुसरी सोय ठेवून, घटमालेला तिचें काम करावयास लावावें, आणि ती किती मिनिटें टिकली हें गेल्या वर्षीच्या आंकड्यापुढें तारीख घालून लिहावें. मापकें बदललीं, घट बदलले. परंतु प्रत्येक घटाच्या नांवापुढें आंकडा लिहिणारी आणि मागचें पान उलटून पाहणारी वही अजूनही जुनी झालेली नाहीं.